लपून गायिलेली प्रार्थना

सोळाव्या शतकातील चर्चसंगीत म्हटले की गोव्यातील हिंदू वाचक पान उलटतो, आणि त्यात त्याचा फारसा दोष आहे असे आम्हांस वाटत नाही. युरोपात हे संगीत कळसास पोहोचत होते त्याच काळात येथे आमच्या देवळांवर कुदळी चालत होत्या. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन आले. त्याच दशकात कुशस्थळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुज महालाच्या आश्रयास गेली. त्या शतकाचा सूर आमच्या कानांस कडू लागावा हे ओघानेच आले. तरीही इंग्लंडातील ‘टॅलिस स्कॉलर्स’ हा गायकवृंद आणि त्याचे संचालक पीटर फिलिप्स यांच्याविषयी येथे लिहावेसे वाटते, ते नेमके या कडवटपणामुळेच.

फिलिप्स यांनी १९७३ साली ऑक्सफर्ड येथे विद्यार्थिदशेत हा वृंद उभा केला. दहाच्या आसपास गायक-गायिका, वाद्य एकही नाही, आणि गायचे ते मुख्यत्वे पंधराव्या-सोळाव्या शतकांतील धार्मिक संगीत. जोस्कँ या संगीतकाराच्या दोन रचनांच्या ध्वनिमुद्रिकेस १९८७ साली ‘ग्रामोफोन’ या मान्यवर नियतकालिकाचा वर्षातील सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकेचा मान मिळाला. इतक्या जुन्या संगीतास तो तेव्हा प्रथमच लाभला. २०२३ मध्ये वृंदाने पन्नाशी गाठली तीही फिलिप्स यांच्याच हाताखाली. एकाच अरुंद वाटेने अर्धशतक चालत राहणे सोपे नव्हे.

या गायनात मुख्य गवई आणि साथीदार असा भेद नाही. प्रत्येक आवाजाची चाल स्वतंत्र. एकाने टाकलेले पद दुसरा उचलतो, तिसरा ते वळवून घेतो, आणि कोणीही दुसऱ्यास झाकीत नाही. एक गळा किंचित पुढे सरला तरी वीण उसवते. बैठकीत गवयाच्या एका तानेला दाद देणाऱ्या आमच्या श्रोत्यास हे प्रथम गोंधळाचे वाटेल. परंतु पूजेसाठी जन्मलेले संगीत मैफलीतही आपल्या बळावर उभे राहते, हे फिलिप्स यांचे म्हणणे आम्हांस मुळीच परके नाही. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गोव्यात ते समजावून सांगण्याची गरज नसावी.

आता विल्यम बर्ड. हा एलिझाबेथ राणीच्या दरबारी प्रार्थनामंदिरातील संगीतकार. १५७५ साली त्यास व त्याचा ज्येष्ठ सहकारी टॉमस टॅलिस यास राणीने संगीत छापण्याचा मक्ता दिला. पण बर्ड कॅथलिक होता आणि राज्य प्रॉटेस्टंटांचे. कॅथलिक उपासना तेथे गुन्हा ठरली होती. सरकारमान्य चर्चमध्ये न जाणाऱ्यांस १५८१ पासून महिना वीस पौंड दंड होता. अशा दिवसांत, १५९२ ते १५९५ च्या सुमारास, बर्डने तीन ‘मास’ रचून छापले, आणि त्यांस मुखपृष्ठही ठेवले नाही. धनिकांच्या वाड्यांत, दारे लावून, मोजक्या गळ्यांनी ते गायचे होते. चार आवाजांच्या ‘मास’च्या अखेरीस शांतीची याचना आहे, तेथे स्वर एकमेकांस घासत, अडखळत पुढे जातात. रातोरात पालखीविना देव हलविणाऱ्यांचे वंशज ती याचना ओळखणार नाहीत काय?

येथे छळणारा जो धर्म, तोच तेथे छळला जात होता. यामुळे येथील अन्याय तसूभरही सौम्य होत नाही, आणि तो विसरावा असे आम्ही सुचवीतही नाही. टॅलिस स्कॉलर्सनी हे तिन्ही ‘मास’ ध्वनिमुद्रित केले आहेत. त्यांचा स्वर इतका नितळ की बंद दाराआडची धाकधूक त्यात कमी भासते, ही टीका आम्हांसही काहीशी पटते. परंतु त्या नितळपणामुळेच चारही आवाज नवख्या कानास वेगवेगळे ऐकू येतात, हा लाभ लहान नव्हे.

पणजीच्या कला अकादमीत भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण एकाच आवारात चालते. श्रोते मात्र सहसा आपापल्या दारानेच येतात आणि जातात. लॅटिन पदांचा मराठी अर्थ छापलेला एक कागद हाती ठेवून ही ध्वनिमुद्रिका तेथे एका संध्याकाळी ऐकवावी. अकादमीस त्याचा खर्च चहापाण्याहून अधिक येणार नाही.