‘सेम’ म्हणालो आणि फसलो

शनिवारची रात्र, पावणेदहा. तुम्ही असता तर मल्टिप्लेक्समध्ये असता, नाहीतर एखाद्या कॉफी शॉपमध्ये बॉसला शिव्या घालत बसला असता. मी मात्र डॅलसजवळच्या एका गॅरेजमध्ये होतो. डोळ्यांवर प्लास्टिकचा गॉगल, हातात वही-पेन्सिल आणि समोर माझा मावसभाऊ, म्हणजे आमचा दादा, रिव्हॉल्व्हरची काडतुसं बनवत होता.

घाबरू नका! आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय हा उद्योग केला तर थेट तुरुंगवारी. टेक्ससमध्ये तो छंद आहे. आपल्या शेजारचे काका जसे टाकाऊ लाकडातून शेल्फ बनवतात ना, तसे तिथले काका वापरलेल्या पितळी पुंगळ्या धुऊन पुन्हा भरतात. दादा तिथला नागरिक, त्यामुळे त्याला मोकळीक. मी कंपनीच्या कामासाठी तीन आठवडे आलेला पाहुणा. व्हिसावर आलेल्यांना थोडे अपवाद सोडले तर बंदूक काय, काडतूसही बाळगता येत नाही. म्हणून दादाने पहिल्याच दिवशी दम भरला होता, ‘‘हे बघ, तू कशालाही हात लावायचा नाहीस. बघायचं आणि लिहायचं. बस.’’

लिहायचं काय, तर लांबी. दादाला चाळिशी लागलीये आणि सेफ्टी गॉगल चष्म्यावर बसत नाही. सो, दर दहाव्या काडतुसाला तो डिजिटल व्हर्निअर लावणार, डिस्प्ले माझ्याकडे फिरवणार आणि मी आकडा वाचून वहीत टिपणार. सॉलिड सोपं काम. मी इंजिनीअरिंगच्या वर्कशॉपमध्ये व्हर्निअरच्या व्हायव्हात गटांगळ्या खाल्ल्या होत्या ते सोडा.

आता थोडा फंडा. काडतुसात वस्तू चारच. पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी पाडणारा प्रायमर, आत दारू (हो, हीच, दुसरी दारू त्या गॅरेजमध्ये सक्त मना आहे) आणि तोंडाशी गोळी. दादा बनवत होता .३८ स्पेशल. हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, काळ्या दारूच्या हिशेबाने आलेलं. त्याची अख्खी लांबी जास्तीत जास्त १.५५० इंच. ही मर्यादा कशासाठी? रिव्हॉल्व्हरचं सिलिंडर फिरतं. काडतूस लांब झालं तर गोळीचं टोक सिलिंडरच्या पुढे डोकावतं, फ्रेमला अडतं आणि सिलिंडर फिरतच नाही.

म्हणजे लांब झालं तर बंदूक स्वतःच नाही म्हणते. आखूड झालं तर ती काहीच बोलत नाही, आणि घोळ तिथेच आहे. गोळी जास्त खोल बसली की आतली जागा कमी होते. दारू तेवढीच, खोली लहान. दाब वाढतो, दाब वाढला की दारू आणखी भराभर जळते आणि दाब अजून चढतो. काडतूस मात्र बाहेरून छान चकचकीत दिसतं.

अजून एक गंमत. १.५५० ही फक्त वरची हद्द झाली. प्रत्येक गोळीची खरी लांबी वेगळी. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला कमरेभोवती एक खाच असते आणि पुंगळीची कड आत वळवून त्या खाचेत रुतवतात. त्याला क्रिम्प म्हणतात. का? तर गोळी सुटली की बंदूक मागे झटका देते. बाकीच्या काडतुसांच्या पुंगळ्या तिच्याबरोबर मागे जातात, पण गोळ्या जडत्वाने जागच्या जागी राहू पाहतात. बस ब्रेक मारते तेव्हा उभ्या माणसांचं होतं तसंच काहीसं. क्रिम्प ढिला असेल तर गोळी हळूहळू बाहेर सरकते आणि सिलिंडर अडकतं. तेव्हा क्रिम्प बरोबर खाचेत बसला की लांबी आपोआप ठरते. दादाच्या शिशाच्या १५८ ग्रेनच्या गोळीसाठी (म्हणजे साधारण १० ग्रॅम) ती होती १.४७५. पाच हजारांश इंच इकडेतिकडे चालेल, त्यापुढे नाही, हा त्याचा नियम.

दहावं काडतूस, १.४७५. विसावं, १.४७४. मी मन लावून लिहीत होतो.

तिसाव्याला माझा फोन थरथरला. पुण्यात रविवारची सकाळ आणि ऑफिसातल्या कुणाला तरी त्याच मुहूर्तावर रिलीज आठवलेलं. मी मेसेज वाचत असतानाच दादाने व्हर्निअर पुढे केला. मी नजर टाकली. टाकली म्हणजे त्या दिशेने मान हलवली. ‘‘किती?’’ ‘‘सेम.’’ वहीत लिहिलं १.४७५.

चाळिसाव्याला मात्र फोन खिशात होता. डिस्प्लेवर होतं १.४५५.

दादाने प्रेसचा दांडा सोडला. गोळी दाबणारी डाय उघडली, तर आतल्या दट्ट्याला मेणाची गुठळी चिकटलेली. शिशाच्या गोळ्यांना वंगण असतं, ते दर वेळी थोडंथोडं तिथे साठतं. जितकं साठेल तितकी गोळी खोल जाते, आणि सेटिंगला कुणीही हात लावलेला नसतो.

‘‘तिसावं ओके होतं ना? मग एकतीसपासून पुढची दहा तोडायची,’’ तो म्हणाला.

काडतुसं खणांच्या डब्यात दहा-दहाच्या ओळींनी ओळीत उभी होती. सकाळी त्यातली पुतणी झाडणार होती. कॉलेजातून वीकएंडला आलेली, वीस वर्षांची. मला उगाच हिशेब सुचायला लागले. बेताचं चार्ज आहे. रिव्हॉल्व्हर .३५७ मॅग्नमचं आहे, .३८ पेक्षा बराच जास्त दाब सोसणारं. तिसरी ओळ थोडी आखूड असली तरी कदाचित काही होणारही नाही. आणि दादाचा माझ्यावर विश्वास आहे तो वेगळाच. शप्पथ सांगतो, प्रॉडक्शनला बग गेल्यावर कबूल करणं यापेक्षा सोपं होतं.

‘‘दादा, तिसावं मी वाचलंच नव्हतं.’’

तो ओरडला नाही. वर जाऊन चष्मा घेऊन आला, गॉगल काढला आणि पहिल्या काडतुसापासून चाळिसाव्यापर्यंत सगळी स्वतः मोजली. पहिल्या दोन ओळींसकट! ते मला चांगलंच झोंबलं. सत्ताविसाव्यापासून लांबी घसरली होती. तिसावं निघालं १.४६२. म्हणजे दहा नाही, चौदा.

मला वाटलं, गोळी चिमट्याने ओढून थोडी वर आणायची, झालं. दादाने मान हलवली. क्रिम्प अजून घातला नसता तर एक वेळ चाललं असतं. इथे क्रिम्प खाच सोडून शिशात रुतला होता, आणि गोळी वर सरकवली की पुंगळीची पकड जाते. मग पहिल्याच झटक्यात ती बाहेर सरकायची. उलट लांब झालेलं, क्रिम्प घातलेलं काडतूस नुसतं आणखी दाबायला गेलं तर पुंगळी फुगते. तात्पर्य, पूर्ण तोडायचं.

त्यासाठी प्लास्टिकचा पोकळ हातोडा मिळतो. काडतूस त्यात उलटं अडकवायचं आणि हातोडा लाकडी ठोकळ्यावर आपटायचा. पुंगळी थांबते, गोळी पुढे निसटते, तीच जडत्वाची करामत. एकेकाला तीन-चार दणके. नवव्या काडतुसाला वहिनी वरून ओरडली, ‘‘अहो, मूल झोपलंय शेजाऱ्यांचं!’’ सुटलेली दारू दादाने पुन्हा डब्यात घातली नाही. मागच्या लॉनवर पातळ भुरभुरवली. तिच्यात नायट्रोजन असतो, गवत खूश. चिरडलेल्या गोळ्या भंगारात. पुंगळ्यांमधले प्रायमर जिवंत होते, म्हणून प्रायमर पाडणारी पिन काढून ठेवली आणि मग पुंगळ्या पुन्हा डायमधून काढून आवळल्या. दट्ट्या पुसला. दारू प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून पाहिली, कारण .३८ मध्ये जागा इतकी मोकळी असते की चुकून दुप्पट पडली तरी मावते. साडेबारा वाजले. आकडे वाचायचं काम माझ्याकडे परत आलं नाही.

सकाळी रेंजवर पुतणीने सहा काडतुसं भरली, पाच झाडली आणि सहावं बाहेर काढलं. दादाची ही नेहमीची तपासणी. पाच झटके खाऊनही सहाव्यातली गोळी सरकली नसेल तर क्रिम्प पास. त्याने व्हर्निअर लावला, चष्म्यासाठी खिसे चाचपले आणि मग डिस्प्ले माझ्याकडे फिरवला.

‘‘किती?’’

मी फोन गाडीतच ठेवून आलो होतो.

‘‘एक पॉइंट चार सात पाच,’’ मी म्हणालो. ‘‘थांब, परत बघतो.’’