रुखवत आणि सॅक

"वेस्ट इंडीजला? तिकडे क्रिकेट शिकायला जातात ना रे?" असं परवा पुण्याहून मावशीने फोनवर विचारलं. तर मंडळी, तिकडे डॉक्टर व्हायलाही जातात, आणि बरेच जातात. अमेरिकेत मेडिकलच्या जागा कमी, इच्छुक फार. मग इथे ॲडमिशन न मिळालेली कितीतरी पोरं कॅरिबियन बेटांवरच्या कॉलेजांत साधारण दोन वर्षं बेसिक सायन्स शिकतात आणि उरलेली दोन वर्षं अमेरिकेतल्या हॉस्पिटलांत काढतात (काहीजण ब्रिटनमध्येही). न्यू जर्सीतल्या देसी घरांमध्ये ही गोष्ट आता काही नवलाची राहिलेली नाही. फक्त ती जरा हळू आवाजात सांगितली जाते. का, ते पुढे येईलच.

माझी धाकटी मामेबहीण ऑगस्टमध्ये ग्रेनाडाला चाललीय. जन्म आणि शिक्षण एडिसनचं, मराठी कामचलाऊ, अभ्यास जबरदस्त. मामाच्या हॉलमध्ये सध्या चालायला जागा नाही. मामी जे भरतेय त्याला बॅग म्हणणं चूक आहे, ते रुखवत आहे! तीन साइजचे डबे, पोळपाट-लाटणं, चार पांघरुणं, सहा महिन्यांचं मेतकूट आणि एक पैठणी. (व्हाइट कोट सेरेमनीला नेसायची म्हणे.) प्रेमाने चाललंय, त्यामुळे कुणी काही बोलत नाही. मी बोललो. माझं म्हणणं असं की बेटावरच्या मेडिकल कॉलेजला जाताना बॅग तिथे राहण्यासाठी नाही, तिथून निघता यावं म्हणून भरायची असते.

हे वाचून माझ्यावर अपशकुनाचा आरोप होणार. झालाय आधीच. पण जरा इतिहास बघा.

१९८३ म्हटलं की आपल्याला लॉर्ड्सची गॅलरी आणि कपिल आठवतो. (माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता, पण ही आठवण आपल्याकडे वारसाहक्काने मिळते.) त्याच वर्षी ऑक्टोबरात वेस्ट इंडीजची टीम हिशोब चुकता करायला भारतात आली आणि कानपूरला मार्शलच्या बॉलवर गावसकरच्या हातातली बॅट उडाली. त्याच आठवड्यात, २५ ऑक्टोबरला, अमेरिकेने ग्रेनाडामध्ये सैन्य उतरवलं. रेगन सरकारने दिलेल्या कारणांपैकी एक होतं सेंट जॉर्जेस युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या अमेरिकन मेडिकल विद्यार्थ्यांची सुरक्षितता. ते कॉलेज तेव्हा जेमतेम सहा-सात वर्षांचं होतं, पहिले वर्ग जानेवारी १९७७ मध्ये भरलेले. कारण खरं किती आणि राजकारण किती, यावर आजही भांडता येईल. पण सुमारे सहाशे पोरं सामान जिथल्या तिथे टाकून लष्करी विमानात बसली, हे खरं.

मग ७ सप्टेंबर २००४ ला आयव्हन आलं. ग्रेनाडातल्या दहापैकी नऊ घरांचं नुकसान झालं, आणि विद्यार्थ्यांना अमेरिकेत हलवून सेमिस्टर पुढे रेटावं लागलं. सप्टेंबर २०१७ मध्ये आधी इर्माने सेंट मार्टिनला झोडपलं. तिथल्या अमेरिकन युनिव्हर्सिटी ऑफ द कॅरिबियनची पोरं थेट इंग्लंडमधल्या प्रेस्टनला शिकायला गेली. दोन आठवड्यांच्या आत मारिया डॉमिनिकावर आदळलं. तिथलं रॉस युनिव्हर्सिटीचं कॉलेज आधी सेंट किट्सला नांगरलेल्या एका जहाजावर भरलं (हो, जहाजावर मेडिकलचे वर्ग!), मग टेनेसीत गेलं. डॉमिनिकाला ते परत गेलंच नाही, २०१९ पासून बार्बाडोसला आहे. २०२० मध्ये कोविडने सगळ्यांनाच घरी धाडलं. आणि १ जुलै २०२४ ला बेरिल ग्रेनाडाच्याच कारियाकू बेटावरून गेलं. तिथे धड छप्पर असलेलं घर शोधावं लागत होतं. मुख्य बेट थोडक्यात वाचलं.

हरिकेनचा सीझन १ जून ते ३० नोव्हेंबर. ऑगस्टची बॅच म्हणजे ऐन भरात पोचणार. आमच्या धंद्यात सर्व्हर कधीतरी पडणारच असं धरून चालतात. डेटाची कॉपी दुसऱ्या शहरात ठेवतात, आणि कॉपीवरून सिस्टिम खरंच उभी राहते का ते वर्षातून एकदा बघतात. त्याला कुणी अपशकुन म्हणत नाही, ऑडिट म्हणतात.

म्हणून आधी सॅक भरायची. सूटकेस नंतर. सॅक म्हणजे पाठीवर मावेल अशी, आणि भरून झाल्यावर तिला घेऊन दोन मजले चढता आलं पाहिजे. त्यात पासपोर्ट, विद्यार्थी म्हणून राहण्याचे कागद, लसीकरणाची नोंद, डिग्री आणि मार्कशीटच्या साक्षांकित प्रती, लोनचे कागद, सगळं झिपच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत. फोनमध्ये स्कॅन आहेत, हे उत्तर चालणार नाही. वादळानंतर आधी वीज जाते, मग टॉवर, आणि फोन हा कॅमेरा म्हणूनही दोन दिवसच टिकतो. थोडे अमेरिकन डॉलर सुट्ट्या नोटांत. तिथला ईस्ट कॅरिबियन डॉलर १९७६ पासून एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे, आणि अमेरिकन नोट सहज चालते. एटीएम बंद पडलं की कार्ड मात्र चालत नाही. रोजची औषधं असतील तर तीन महिन्यांची, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. चश्म्याची दुसरी जोडी. पॉवर बँक, डोक्याला लावायचा टॉर्च, पाण्याची बाटली. एक छोटी हार्ड डिस्क, आणि तिच्यावर सगळं लेक्चर-मटेरियल दर रविवारी उतरवून घ्यायचं. अंकीची फ्लॅशकार्डं नेटशिवाय चालतात, ऑनलाइन प्रश्नसंच चालत नाहीत. हा फरक मुलांना नेट गेल्यावरच कळतो. परीक्षा मात्र वादळ गेलं की असतेच.

आता सूटकेस. इथे मामीशी माझं खरं भांडण झालं ते विजेवरून. तिने हौसेने इथल्या दुकानातून राइस कुकर, इस्त्री आणि हेअर ड्रायर आणला. अमेरिकेत ११०-१२० व्होल्ट. ग्रेनाडात २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि प्लग ब्रिटिश, चौकोनी तीन पिनांचा. म्हणजे तिन्ही वस्तू पहिल्याच दिवशी जळणार. (काही हॉस्टेलांत अमेरिकन सॉकेट असतात असं ऐकून विसंबू नका, कॉलेजला मेल टाकून विचारा.) लॅपटॉप आणि फोनच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असतं, त्यांना नुसती पिन बदलणारा अडॅप्टर पुरतो. गंमत अशी की मामीच्या बेसमेंटमध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भारतातून आणलेला मिक्सर आहे, शेजारी एक विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. जन्मभर बिचाऱ्याला परकी वीज गिळायला लागली. ग्रेनाडात तो ट्रान्सफॉर्मरशिवाय, नुसत्या अडॅप्टरवर, सुखाने फिरेल! पण पहिल्या सेमिस्टरला चटणी कोण वाटणार? कुकर मात्र न्यावा, साधा शिट्टीचा. त्याला शेगडी सोडून काही लागत नाही.

मसाल्यांचं म्हणाल तर ग्रेनाडाच्या झेंड्यावरच जायफळ आहे. आयव्हनने बागा झोपवण्याआधी हे एवढंसं बेट जायफळात जगात इंडोनेशियाखालोखाल होतं. त्यामुळे जायफळ, दालचिनी, लवंगा एडिसनहून नेणं म्हणजे कोकणात नारळ नेणं. रोटी आणि करी तर तिथलंच खाणं झालंय. १८५७ मध्ये मेडस्टोन नावाच्या जहाजातून मळ्यांवर राबायला आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांपासून तिथे आपली माणसं आहेत. (मेरठला ठिणगी पडली त्याच महिन्यात ते जहाज तिथे लागलं.) रोटी डाळ भरलेली असते, पुरणपोळीची तिखट चुलत बहीण म्हणा. गोडा मसाला मात्र मिळणार नाही, तो न्यावा. दोन किलो नको, अर्धा.

दमट हवेचं मामीला मी सांगायची गरज नव्हती, ती चिपळूणची आहे. कातडी बूट-पर्सवर पांढरी बुरशी, पुस्तकांना वास, मिठाचं पाणी, हे सगळं तिथे जूनपासून डिसेंबरपर्यंत. म्हणून सुती कपडे, पटकन वाळणारे, आणि सिलिका जेलच्या पुड्या. डासांसाठी ओडोमॉस भरपूर. २०१४ मध्ये चिकुनगुन्याने त्या बेटाला लोळवलं होतं आणि डेंग्यू अधूनमधून असतोच. तापाला पॅरासिटामॉल घ्यायची, डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नाही. (हे मला बहिणीनेच सांगितलं. होऊ घातलेल्या डॉक्टरबाई!) आणि एक गोष्ट कुणाच्या डोक्यात येत नाही: लष्करी छपाईचे हिरवे-मातकट कपडे. ग्रेनाडात ते सामान्य माणसाने घालणं गुन्हा आहे, लहान मुलांनासुद्धा. तिची आवडती कार्गो पँट अशीच निघाली. घरी राहिली.

कोट, स्वेटर, जाड पांघरुणं यांना दोन वर्षं सुट्टी. पुढची रोटेशन्स ब्रुकलिन किंवा न्यू जर्सीत झाली की ती लागतीलच, तेव्हा मामाचं बेसमेंट आहे. ह्या शिक्षणात दर काही महिन्यांनी खोली बदलते, त्यात डब्यांचे तीन साइज कुठे फिरवणार? पैठणीबद्दल मी मत देत नाही.

इथपर्यंत सगळे हसत होते. पुढचा विषय काढल्यावर मामा उठून बाल्कनीत गेला.

सॉफ्टवेअर रिलीज करताना आम्ही एक कागद करतो. काही बिघडलं तर किती वाजेपर्यंत वाट बघायची, आणि मग मागे कसं यायचं. रोलबॅक प्लॅन. तो नसेल तर रिलीजला परवानगीच मिळत नाही. कारण रात्री दोन वाजता, सगळं पेटलेलं असताना, "अजून अर्धा तास बघू" असं प्रत्येकालाच वाटतं, आणि अर्ध्या तासाचे सहा तास होतात. बेटावरच्या मेडिकलचंही तसंच आहे, फक्त तास नाही, सेमिस्टर. २०२४ च्या मॅचमध्ये अमेरिकेत एमडी करणाऱ्या सीनियर्सपैकी ९३ टक्क्यांहून जास्त जणांना रेसिडेन्सी मिळाली. परदेशात मेडिकल केलेल्या अमेरिकन नागरिकांमध्ये हा आकडा ६७ टक्के होता. आणि ही मॅचपर्यंत पोचलेल्यांची गोष्ट झाली, वाटेत गळलेले यात धरलेलेच नाहीत. शिवाय २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाला वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरची मर्यादा घातली. उरलेलं खाजगी कर्ज, म्हणजे घर.

याचा अर्थ जाऊ नये असा मुळीच नाही. तिथून शिकलेले डॉक्टर इथे हॉस्पिटलं चालवतायत, आणि माझ्या बहिणीवर मी पैज लावायला तयार आहे. पण ती बेटावर जाते आहे हे नातेवाइकांना सांगताना मामा "अमेरिकेतलंच आहे, कॅम्पस जरा बाहेर आहे" म्हणतो. ते ऐकलं की मला भीती वाटते. कारण उद्या बायोकेमिस्ट्रीत दोनदा अडकली, तर तिला परत यायचं कारण फक्त कॉलेजला नाही, सत्तर माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपला द्यावं लागेल. ते टाळण्यासाठी ती आणखी एक सेमिस्टर काढेल, आणखी तीस-चाळीस हजार डॉलर. माझ्या मते सूटकेसमधलं सगळ्यात जड सामान ते आहे, आणि ते मामीने भरलेलं नाही.

म्हणून मी म्हटलं, निघायच्या आधी बसा आणि ठरवा. किती वेळा नापास झाल्यावर थांबायचं, तोवर कर्ज किती झालेलं असेल, परत आल्यावर ती काय करेल. आणि नातेवाइकांना आजच ग्रेनाडा म्हणा. मामा बाल्कनीतून म्हणाला, "अरे, पोरगी निघतेय आणि तू परत यायचं बोलतोस?" मी म्हटलं, मामा, आपल्याकडे निघताना कुणी 'जाते' म्हणतं का? 'येते'च म्हणतात ना?

भारतातून ह्या वाटेचा विचार करणाऱ्यांसाठी एक, कारण मित्रांच्या धाकट्या भावंडांचे मेल येतात. तुम्हाला पुढे भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनचे नोव्हेंबर २०२१ चे नियम आधी वाचा, एजंटचं ब्रोशर नंतर. किमान ५४ महिन्यांचा कोर्स, वर १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि सगळं एकाच परदेशी संस्थेत. दोन वर्षं बेटावर, दोन वर्षं भलत्याच देशातल्या हॉस्पिटलांत, हा साचा त्यात बसवणं फार अवघड आहे. नीट लागतेच. हे तपासलं नसेल तर बॅग उघडूच नका.

असो. मामाने दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मग गुरुवारी रात्री बहिणीचा मेसेज आला: "दादा, बाबांनी नंबर लिहिला. मी पण लिहिला. माझा त्यांच्यापेक्षा कमी होता." दोघांनी माझ्याकडे न बघता मधला आकडा ठरवला आणि तो कागद झिपच्या पिशवीत, लोनच्या कागदांमागे गेला.