फ्यूज वाढवू नका, दोष शोधा



फ्युएल पंपाचा फ्यूज वारंवार जात असेल, तर 15 अँपिअरऐवजी 30 चा बसवा, असा सल्ला गेल्या अंकातील एका पत्रात आहे. गॅरेज चालवणारा म्हणून सांगतो, हा सल्ला जिवावर बेतू शकतो. फ्यूज वायरिंगच्या रक्षणासाठी असतो. 15 चा निळा काढून 30 चा हिरवा घातला, की फ्यूज टिकतो आणि वायर जळते, तीही पेट्रोलच्या टाकीपर्यंत गेलेली.

दोष शोधायची रीत सोपी आहे. इग्निशन बंद करून पंपाचा कनेक्टर सोडा, त्याच क्षमतेचा नवा फ्यूज घाला आणि स्टार्टर मारा. तरी फ्यूज गेला, तर पंप निर्दोष असू शकतो. त्याच फ्यूजवरची इतर उपकरणे एकेक सोडून पाहा, मग वायरिंग तपासा. मागच्या सीटखाली उंदरांनी कुरतडलेली किंवा पत्र्याच्या कडेला घासून तांबे उघडे पडलेली वायर बऱ्याचदा सापडते. फ्यूज टिकला, तर पंप जोडून क्लॅम्प मीटरने करंट मोजा. झिजलेला पंप किंवा तुंबलेला फिल्टर करंट वाढवतो.

टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो. सोलापूरच्या एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा टाकी तळाला जाऊ देऊ नये. पेट्रोलचा वास येत असेल, तर काहीही न तपासता गाडी मेकॅनिककडे टोचन करून न्या.

वाचकांना कळकळीची विनंती, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या क्षमतेपेक्षा मोठा फ्यूज कधीही बसवू नका.

– एक गॅरेजचालक, सोलापूर