न जाणवणारा चटका

तव्याचा चटका बसला की हात आपोआप मागे येतो. वेदना ही शरीराची पहारेकरीण आहे. परंतु बोट भाजले आणि फोड दिसेपर्यंत ते कळलेच नाही, असे झाले तर? भिलाईच्या पोलाद कारखान्यात पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. तेव्हापासून आगीच्या सान्निध्यात काम करणाऱ्या या नगरीत तरी अशा खुणेकडे दुर्लक्ष होता कामा नये.

वेदना आणि उष्णता यांची जाणीव वाहणारे तंतू मेरुरज्जूच्या मध्यभागातून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस जातात. तेथे द्रवाने भरलेली पोकळी निर्माण झाली, तर हे तंतू प्रथम दुखावतात. स्पर्शाची वाट निराळी असल्यामुळे रुमालाचा स्पर्श कळतो, पण निखाऱ्याची धग कळत नाही. पुढे पंजाचे स्नायू रोडावतात, पकड सैल होते. ऑलिव्हिए या फ्रेंच वैद्याने १८२७ साली या विकारास ‘सिरिंगोमायेलिया’ हे नाव दिले. त्यातील ‘सिरिंक्स’ या ग्रीक शब्दाचा अर्थ पावा.

ही पोकळी पाहावी कशी? पूर्वी पाठीत सुई घालून कण्यात औषध सोडीत व क्ष-किरणांनी छायाचित्र घेत. त्यात मेरुरज्जू फुगलेला दिसे. आतील गोष्ट मात्र बहुधा तर्कानेच जाणावी लागे. १९७३ साली लॉटरबर यांनी चुंबकीय अनुस्पंदनाने प्रतिमा मिळविण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांना व मॅन्सफिल्ड यांना २००३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हीच आजची एम. आर. आय. तपासणी. तीत क्ष-किरण नसतात. शरीरातील पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून येणाऱ्या संकेतांवरून चित्र तयार होते.

एका प्रकारच्या चित्रात द्रव काळा दिसतो, तर दुसऱ्यात पांढराशुभ्र. उभ्या छेदावरून पोकळी किती मणक्यांपर्यंत पसरली आहे ते समजते, आडव्या छेदावरून तिची रुंदी. परंतु मोजमापाहून कारण महत्त्वाचे. लहान मेंदूचा खालचा भाग मानेच्या पोकळीत उतरून द्रवाची वाट अडवितो काय, हे डॉक्टर पाहतात. गाठीची शंका असल्यास शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देऊन पुन्हा चित्रे घेतात. हृदयाच्या ठोक्यांबरोबर द्रव कसा सरकतो, तेही विशेष पद्धतीने पाहता येते. अडथळा असेल तर शस्त्रक्रियेने वाट मोकळी करतात. लहान, त्रास न देणाऱ्या पोकळीवर पुन्हा पुन्हा तपासणी करून केवळ लक्ष ठेवतात.

कारखान्यात काम करणाऱ्यांनी एक गोष्ट अवश्य ध्यानी ठेवावी. या यंत्राचे चुंबकत्व पुष्कळदा दीड टेस्ला, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट असते. घासकाम किंवा कातकाम करताना पूर्वी कधी डोळ्यांत लोखंडाचा कण गेला असेल, तर तो जागचा हलून दृष्टीस धोका पोहोचू शकतो. म्हणून तपासणीपूर्वीच ते सांगावे. शरीरात पेसमेकर किंवा धातूचा तुकडा असल्यास तेही सांगावे.

हाताच्या बधिरतेस मधुमेह, कुष्ठरोग अशी इतरही कारणे असतात. ती ओळखणे डॉक्टरांचे काम. गेलेली जाणीव पूर्णपणे परत येईलच असे नाही. उपचाराचा मुख्य लाभ विकार पुढे वाढू न देण्यात आहे. म्हणून, गृहिणींनो, घरात कोणाच्या हातावर न दुखणारा भाजल्याचा डाग दिसला, तर ‘दुखत नाही ना, मग झाले’ असे म्हणू नका. दुखत नाही, हेच डॉक्टरांकडे जाण्याचे कारण समजा.