ट्रक-बस चालकांची वैद्यकीय तपासणी: डॉक्टर काय बघतात आणि काय राहून जातं?

लायसन्सच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली की ट्रक-बस चालकांना 'मेडिकल'ची आठवण होते. अनेकांच्या लेखी ते म्हणजे एक सही आणि एक शिक्का. पण याच कागदावर पुढच्या ५ वर्षांची रोजीरोटी अवलंबून असते.

नियम काय आहे?

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार वाहतुकीचं वाहन चालवण्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हा 'नमुना १-अ'. सोबत 'नमुना १' असतो, म्हणजे स्वतःच्या तब्येतीबद्दल चालकाने दिलेलं घोषणापत्र.

२०१९ च्या दुरुस्तीआधी हे लायसन्स ३ वर्षांसाठी मिळायचं, आता ५ वर्षांसाठी मिळतं. धोकादायक माल वाहून नेणाऱ्यांसाठी ही मुदत ३ वर्षं आहे.

तपासणीत काय बघतात?

- नजर: दिवसाउजेडी २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता यायला हवी. साधारण दोन एसटी बस एकामागे एक उभ्या केल्या तर होईल एवढं हे अंतर.
- रंग: जून २०२० पासून सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांनाही लायसन्स मिळू शकतं.
- इतर: रातांधळेपणा, ऐकू येणं, हातपाय आणि सांधे.

फिट किंवा चक्कर येते का, हे घोषणापत्रात चालकालाच सांगावं लागतं.

मग राहून काय जातं?

बीपी, शुगर आणि झोपेच्या तक्रारी. नमुना १-अ मध्ये यांच्यासाठी वेगळा प्रश्नच नाही. रात्रपाळी, ढाब्यावरचं जेवण आणि तासन्‌तास बैठं काम करणाऱ्यांना नेमका याच आजारांचा धोका असतो. दोन तपासण्यांमधलं अंतर वाढलं, पण प्रश्न तेच राहिले. त्यामुळे 'फिट' शिक्का असलेल्या चालकाची शुगर घाटातच अचानक उतरू शकते.

काम जाईल या भीतीने अनेक जण आजार लपवतात. पण खोटी माहिती देऊन मिळवलेलं लायसन्स रद्द होऊ शकतं.

तयारी कशी कराल?

- महिनाभर आधी डोळे, बीपी आणि शुगर तपासून घ्या. औषधाने आटोक्यात आणायला वेळ मिळतो.
- चष्मा किंवा श्रवणयंत्र वापरत असाल तर सोबत न्या.
- चालू औषधांच्या चिठ्ठ्या दाखवा. कोणत्या गोळीने झोप येते, ते डॉक्टरांना विचारा.
- रात्रभर गाडी चालवून थेट तपासणीला जाऊ नका.
- कोऱ्या घोषणापत्रावर सही करू नका. एजंटने काहीही भरलं, तरी जबाबदारी तुमचीच.

न तपासता शिक्का मिळवून देणारे भेटतातही. त्यात तासभर वाचतो, पण न सापडलेला आजार पुढची ५ वर्षं तुमच्यासोबत केबिनमध्ये बसतो. बसमध्ये तर मागे ४० प्रवासीही असतात.