आरोग्याचा हक्क आणि शिधापत्रिकेचा रंग

सरकारी खर्चाने होणाऱ्या उपचारांस पात्र कोण, हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या अखेरीस ती राज्यभर नेण्यात आली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. नाव बदलले, कसोटी मात्र तीच राहिली. पिवळी वा केशरी शिधापत्रिका असलेला पात्र, पांढरी असलेला अपात्र! २८ जून २०२३ रोजी मंत्रिमंडळाने ही भिंत पाडली, सर्व शिधापत्रिकाधारकांना व अधिवासी नागरिकांना योजना खुली केली आणि कुटुंबामागे वार्षिक दीड लाखांची मर्यादा पाच लाखांवर नेली. तेव्हापासून एक आक्षेप सातत्याने घेतला जातो : ज्याला परवडते, त्याच्या उपचारांचा भार सार्वजनिक तिजोरीने का वाहावा?

आक्षेप वरकरणी समतेचा वाटतो, म्हणून त्याचा गांभीर्याने विचार केला पाहिजे. परवडते कोणाला, हे ठरवायचे कशावरून? शिधापत्रिकांचे तीन रंग १ मे १९९९ पासूनचे. वार्षिक उत्पन्न पंधरा हजारांपर्यंत असेल तर पिवळी, एक लाखापर्यंत केशरी आणि त्यापुढे पांढरी, अशी ती विभागणी. एक लाख म्हणजे महिन्याला साडेआठ हजारांहूनही कमी. पाव शतकात रुपयाची किंमत किती घसरली, हे बाजारात जाणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. शाहू महाराजांनी व्यापारासाठी वसवलेल्या शाहूपुरीत आज पेढीचा मालक, त्याचा दिवाणजी, दुकानातला नोकर, हमाल आणि कुंभार गल्लीतला मूर्तिकार एकाच पेठेत वावरतात. या कसोटीने दिवाणजी आणि पेढीमालक दोघेही ‘सधन’ ठरतात. मालकाला हृदयशस्त्रक्रियेचा खर्च म्हणजे एका हंगामाचा नफा. दिवाणजीला तोच खर्च म्हणजे राहते घर गहाण टाकणे. जी कसोटी या दोघांत भेद करू शकत नाही, तिला गरिबांची कैवारी म्हणणे ही भाषेची विटंबना होय.

त्यात अपवादांची भर पडत गेली. शेतीसंकटाच्या चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना योजनेत घेतले गेले, कोल्हापूरचा शेतकरी त्याबाहेर राहिला. मे २०२० मध्ये महामारीच्या काळात सर्वांनाच सामावून घेण्यात आले. पुढे २०२३ साली सीमाभागातील ८६५ गावांना लाभ देण्याचे ठरले आणि त्यावर कर्नाटक सरकारने हरकत घेतली. बेळगाव-निपाणीचा रोगी उपचारासाठी कोल्हापूरला येतो, तो रोग घेऊन येतो. त्याचा रोग कोणत्या राज्याचा, हा वाद त्याच्या खाटेभोवती दोन सरकारांनी घालावा यासारखी दुर्दैवाची गोष्ट नाही. शिरोलीच्या फौंड्रीत राबणाऱ्या परप्रांतीय मजुरापुढे अधिवासाची अट आजही उभीच आहे.

पात्रतेच्या छाननीत दोन प्रकारच्या चुका संभवतात. एखादा धनिक आत शिरतो किंवा एखादा गरजू बाहेर राहतो. पहिल्या चुकीने तिजोरीचे काही रुपये जातात, दुसरीने माणूस जातो. दोन्ही चुकांना एकाच तराजूत तोलणारे अर्थशास्त्र हिशेबाला पक्के असेल, न्यायाला कच्चे आहे. गरीब-श्रीमंत हा भेद करावयाचाच असेल तर त्याची जागा करआकारणीत आहे. ज्याच्यापाशी अधिक आहे त्याच्याकडून अधिक कर घ्यावा. रुग्णालयाच्या दारात मात्र रोग तेवढा पाहावा.

कोल्हापूरला हा विचार परका नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत मागासलेल्यांसाठी निम्म्या जागा राखल्या. जेथे जागा मोजक्या असतात, तेथे प्राधान्य ठरवावेच लागते. परंतु १९१७ साली त्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा मुलाच्या बापाचे उत्पन्न विचारले नाही. जी गोष्ट प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, तिला पात्रतेची अट असत नाही. पैशाअभावी कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ साली मांडले. ५ जुलै १९४८ रोजी युद्धाने पिचलेल्या ब्रिटनने ते अमलात आणले. आपण अजून रंग तपासत बसलो होतो.

तथापि दार उघडले म्हणजे घर बांधून झाले, असे नव्हे. ही योजना यादीतील शस्त्रक्रिया व रुग्णालयातील उपचार यांपुरती आहे. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत आणि कष्टकरी कुटुंबाचा पैसा तर तेथेच झिरपत असतो. अंगीकृत खासगी रुग्णालये स्वेच्छेने येतात आणि स्वेच्छेने जातात. त्यांच्या सोयीवर नागरिकाचा हक्क अवलंबून ठेवता येत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क झाले, हे स्वागतार्हच. परंतु तो निर्णय घेताना वैद्यकीय शिक्षण खात्याची महाविद्यालयीन रुग्णालये वगळण्यात आली. म्हणजे कसबा बावड्याच्या सेवा रुग्णालयाला एक न्याय आणि जिल्ह्याचा खरा आधार असलेल्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाला दुसरा! रोग्याला खाते कळत नाही, केसपेपरचे पैसे तेवढे कळतात.

सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलेले आहे. ते गाठले गेले नाही. खरी उणीव आहे ती येथे. पांढऱ्या शिधापत्रिकेच्या दिवाणजीला आत घेतल्याने ती निर्माण झालेली नाही.

म्हणून समाजवादी चळवळीची मागणी स्पष्ट असली पाहिजे. सर्व सरकारी रुग्णालये, मग ती कोणत्याही खात्याची असोत, निःशुल्क करावीत. दीर्घ आजारांची औषधे प्राथमिक आरोग्य केंद्रातून नियमित मिळावीत. काम करतो तेथे मजुराला उपचार मिळावेत. त्यासाठी लागणारा पैसा संपत्तीवरील व वाढत्या नफ्यावरील करांतून उभा करावा. नागरिकांच्या पात्रतेची तपासणी पुष्कळ झाली. आता शासनाची पात्रता तपासण्याची वेळ आहे.