ती दमलेली नव्हती

गेल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात नववीतील एका मुलीने आम्हांस एक प्रश्न विचारला. शाळेत तिच्या बाईंनी अमेरिकेतील रोझा पार्क्स यांची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, "फादर, त्या बाई कामावरून दमून आल्या होत्या म्हणून जागेवरून उठल्या नाहीत. दमलेलं माणूस उठलं नाही, यात एवढं मोठं काय?" बाहेर बाप्तिस्म्याची मंडळी खोळंबली होती. आम्ही काहीतरी दोन वाक्ये सांगून वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र मनाला रुखरुख लागून राहिली. मुलीचा प्रश्न चोख होता. तिला सांगितलेली गोष्टच अपुरी होती. म्हणून या आठवड्याचे हे पान आम्ही तिच्या उत्तरासाठी खर्च करीत आहोत. इतर वाचकांनीही ते वाचावे, अशी विनंती आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी. १९५५ साली तेथील बसगाड्यांत बसण्याची रीत अशी होती : पुढची १० आसने गोऱ्यांची. ती रिकामी असली, तरीही कृष्णवर्णीयाने तेथे टेकावयाचे नाही. मागची आसने कृष्णवर्णीयांची. मधली कोणाची, ते गाडीच्या चालकाने ठरवावयाचे. त्यातही आणखी एक मानहानी होती. कृष्णवर्णीय उतारूने पुढच्या दाराने चढून पैसे भरावयाचे, मग खाली उतरून मागच्या दाराने आत यावयाचे. कधी कधी तो मागच्या दाराशी पोहोचण्यापूर्वीच गाडी सुटे. पैसे गेले ते गेलेच. आणि ही बससेवा चालत होती ती कोणाच्या पैशावर? तिच्या उतारूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश लोक कृष्णवर्णीयच होते.

१ डिसेंबर १९५५ रोजी, गुरुवारी सायंकाळी, ४२ वर्षांच्या रोझा पार्क्स दुकानातील शिवणकाम आटोपून घरी निघाल्या. त्या मधल्या भागात बसल्या होत्या. पुढची आसने भरली व एक गोरा पुरुष उभा राहिला. त्या एकासाठी संपूर्ण रांगेने, म्हणजे चौघांनी, उठावे असे चालकाने फर्माविले, कारण गोऱ्याच्या रांगेत कृष्णवर्णीयाने बसणे रीतीस धरून नव्हते. तिघे उठले. रोझाबाई उठल्या नाहीत. पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले.

आता त्या दमण्याविषयी. ही कथा स्वतः रोझाबाईंना कधीच मान्य नव्हती. आपण काही रोजच्याहून अधिक थकलो नव्हतो, असे त्यांनी पुढे स्पष्ट लिहून ठेविले. त्या केवळ एक शिवणकाम करणारी भोळी बाई नव्हत्या. १९४३ पासून त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या स्थानिक शाखेच्या चिटणीस होत्या. अत्याचार झालेल्या स्त्रियांची गाऱ्हाणी त्यांनी गावोगाव जाऊन लिहून घेतली होती. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील एका शिबिरात जाऊन त्यांनी या कार्याचे शिक्षण घेतले होते. आणि तो चालक! १९४३ साली त्याच माणसाने त्यांना मागच्या दाराने ये म्हणून गाडीतून उतरविले होते. बारा वर्षे हे मनात होते. याला थकवा म्हणावयाचे काय?

त्या पहिल्याही नव्हत्या. नऊ महिन्यांपूर्वी, २ मार्च १९५५ रोजी, क्लॉडेट कॉल्व्हिन नावाच्या शाळकरी मुलीने बसमध्ये उठण्यास असाच नकार दिला होता. ती १५ वर्षांची, म्हणजे आमच्या प्रश्नकर्तीच्याच वयाची. तिला हातकड्या घालून नेण्यात आले. परंतु तिच्या नावावर चळवळ उभारावयास पुढारी कचरले. वय कोवळे, घर गरिबीचे, बोलणे तडकफडक, असे म्हटले गेले. आणि त्याच वर्षी, लग्न झालेले नसताना, तिला दिवस गेले. तेव्हा सर्वांना मान्य होईल अशा, मर्यादशील, चर्चला नेमाने जाणाऱ्या रोझाबाई पुढे आल्या. पुढाऱ्यांचा हिशेब व्यवहाराच्या दृष्टीने चुकला असे आम्ही म्हणणार नाही. पण अन्याय सोसणाऱ्याला न्याय मागण्यापूर्वी चांगल्या चालीचा दाखला द्यावा लागतो, ही गोष्ट आम्हांस बोचते. कारण असे दाखले मागण्यात आम्ही धर्मगुरू मंडळी काही मागे नसतो.

रोझाबाईंना अटक झाली त्याच रात्री जो अॅन रॉबिन्सन या महाविद्यालयातील अध्यापिकेने एका सहकाऱ्याला व दोन विद्यार्थ्यांना मदतीला घेतले, आणि सोमवारी कोणी बसमध्ये चढू नये अशा आवाहनाची हजारो पत्रके रातोरात छापून काढली. या बाईही अचानक जाग्या झालेल्या नव्हत्या. तेथील स्त्रियांच्या राजकीय मंडळाच्या त्या अध्यक्षा होत्या व दीड वर्षापूर्वीच त्यांनी नगराध्यक्षांना बहिष्काराची सूचना देणारे पत्र धाडिले होते. सोमवारी, ५ डिसेंबरला, बसगाड्या जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी न्यायालयाने रोझाबाईंना १० डॉलर दंड व ४ डॉलर खर्च भरण्याची शिक्षा दिली. सायंकाळी होल्ट स्ट्रीटवरील बाप्टिस्ट चर्चमध्ये एवढी गर्दी लोटली की हजारो लोकांना रस्त्यावर उभे राहावे लागले. नव्या समितीचे अध्यक्षपद २६ वर्षांच्या एका पाळकाकडे आले. तो गावात नवखा असल्यामुळे त्याचे कोणाशी वैर नव्हते, हेही त्याच्या निवडीचे एक कारण. त्याचे नाव मार्टिन ल्यूथर किंग.

मागण्या काय होत्या, हे ऐकून वाचकांस नवल वाटेल. उतारूंशी सभ्यपणे बोलावे. कृष्णवर्णीयांनी मागून व गोऱ्यांनी पुढून येईल त्या क्रमाने बसावे, बसलेल्याला उठवू नये. आणि कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. एवढेच! वेगळे बसविण्याची रीतच मोडा, असेही त्यांनी आरंभी मागितले नव्हते. ही माफक मागणी जर बसकंपनीने व नगरपालिकेने मान्य केली असती, तर कदाचित पुढचा इतिहास घडला नसता. त्यांनी ती धुडकावली.

मग लोक चालू लागले. आपल्यातील पुष्कळ जण संत फ्रान्सिस झेवियर यांच्या फेस्ताला बेळगावहून जुन्या गोव्यापर्यंत पायी जातात. दोनचार दिवसांच्या त्या वाटचालीत टाचांना काय होते, हे त्यांना ठाऊक आहे. माँटगोमेरीचे लोक ३८१ दिवस चालले. आणि वाटेच्या शेवटी फेस्त नव्हते, दुसऱ्याच्या घरची धुणीभांडी होती. पोलार्ड आडनावाच्या एका वृद्ध बाईला किंग यांनी आता तरी गाडीतून ये म्हणून आग्रह केला. पाय दमले तरी जीव विसावला आहे, अशा अर्थाचे उत्तर देऊन ती चालतच राहिली. दमण्याची खरी गोष्ट पाहिजे असल्यास ती ही आहे.

पण नुसत्या चालण्याने वर्ष निभत नाही. प्रारंभी कृष्णवर्णीय टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, म्हणजे १० सेंट भाडे घेतले. तेव्हा अधिकाऱ्यांनी ४५ सेंटांहून कमी भाडे घेण्यास मनाई केली. मग लोकांनी आपापल्या मोटारी दिल्या. सुमारे ३०० गाड्या, शहरभर चाळीसहून अधिक थांबे, सकाळ-संध्याकाळचे वेळापत्रक! चर्चच्या नावाने नव्या मोठ्या गाड्या घेण्यात आल्या. पोलीस या चालकांना क्षुल्लक कारणांवरून अडवीत. स्वतः किंग यांना २५ मैलांच्या हद्दीत ३० मैलांच्या वेगाने गाडी चालविली म्हणून तुरुंगात नेले. गाड्यांचे विमे रद्द करण्यात आले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा उतरविण्यात आला. यात एक गमतीचाही भाग होता. कित्येक गोऱ्या गृहिणी आपल्या मोलकरणींना गाडीतून ने-आण करू लागल्या. नगराध्यक्षांनी त्यांना जाहीर समज दिली. पण घरची भांडी स्वतः घासण्याची तयारी नसल्यामुळे बायकांनी ती मनावर घेतली नाही.

पेट्रोलला पैसा लागे. येथे जॉर्जिया गिल्मोर या स्वयंपाकिणीचे नाव घेतलेच पाहिजे. तिने व तिच्या मैत्रिणींनी घरोघरी केक, पाय व सँडविच करून विकले आणि ती रक्कम दर आठवड्याच्या सभेत आणून दिली. मंडळाचे नाव त्यांनी 'कुठलेच नाही मंडळ' अशा अर्थाचे ठेविले होते. पैसे कोठून आले, असे कोणी विचारल्यास 'कोठूनच नाही' हे उत्तर तयार! कारण करणाऱ्या व विकत घेणाऱ्या बायकांची नावे बाहेर पडली असती, तर त्यांच्या नोकऱ्या गेल्या असत्या. गिल्मोरबाईंनी न्यायालयात उघड साक्ष दिली व त्यांची नोकरी गेलीच. मग त्या घरीच खानावळ चालवू लागल्या. १९९० साली सेल्मा येथील मोर्च्याच्या पंचविसाव्या स्मरणदिनासाठी येणाऱ्यांकरिता त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या, तेव्हा त्यांना मरण आले. तेच अन्न त्यांना निरोप देण्यास आलेल्यांना वाढण्यात आले. आमच्या धर्मग्रामातील फेस्ताचे रांधप सांभाळणाऱ्या बायांनी ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी.

३० जानेवारी १९५६ रोजी किंग यांच्या घरावर बाँब टाकण्यात आला. पत्नी व तान्ही मुलगी थोडक्यात वाचल्या. ज्यूलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईने बहिष्कार सुरू झाल्यावर आठवड्याच्या आतच स्थानिक वृत्तपत्राला पत्र लिहून या चालणाऱ्यांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. तिला शिव्याशापांचे दूरध्वनी येऊ लागले, खिडक्यांवर दगड पडू लागले. १९५७ च्या जुलैत खचलेल्या मनाने तिने आपले जीवन संपविले. आज तेथील मुख्य ग्रंथालयाला तिचे नाव आहे. ते तिला हयातीत लाभले नाही.

अखेर निकाल लागला तो न्यायालयात, आणि तो रोझाबाईंच्या खटल्यात नव्हे. चार स्त्रियांनी वेगळा दावा लावला होता. त्यांत एक होती क्लॉडेट कॉल्व्हिन, मांडीवर मूल असलेली. तुमचा पुढारी कोण, किंगच ना, असे प्रतिपक्षाच्या वकिलाने तिला पुन्हा पुन्हा विचारले. आमचे आम्हीच, असे तिने सांगितले. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बसमधील विभागणी बेकायदा ठरविली व २१ डिसेंबरला लोक पुन्हा गाडीत चढले, पुढच्या दाराने.

येथे आम्हांस थांबता आले असते. परंतु धर्मगुरू म्हणून १९६३ सालची एक गोष्ट आम्हांस टाळता येत नाही. त्या वर्षी ११ एप्रिलला, पवित्र गुरुवारी, तेविसावे पोप जॉन यांनी 'पाचेम इन तेरिस' हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मनुष्यमात्राचे हक्क त्यांनी त्यात एकेक करून सांगितले. वंशभेदाला आधार उरलेला नाही असे म्हटले. आणि ज्याला आपल्या हक्काची जाणीव झाली त्याने तो मागणे हे त्याचे कर्तव्यच आहे, असेही लिहिले. दुसऱ्याच दिवशी, गुड फ्रायडेला, अलाबामातील बर्मिंगहॅम शहरी किंग यांना निदर्शनांबद्दल अटक झाली. आणि त्याच सुमारास तेथील आठ गोऱ्या धर्मपुढाऱ्यांनी निवेदन काढले, की ही निदर्शने अविचारी व अवेळी आहेत. त्या आठांत एक आपल्या पंथाचे साहाय्यक बिशप होते, जोसेफ ड्युरिक. किंग यांनी तुरुंगातून या आठांना जे उत्तर लिहिले, ते जगभर वाचले जाते.

ते आठ जण दुष्ट नव्हते. तोच तर मुद्दा आहे. 'अवेळी' या शब्दाची आम्हांस चांगली ओळख आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना फेस्ताच्या मिस्साला मजुरी करणारे एक कुटुंब पहिल्या बाकावर येऊन बसले. तो बाक वहिवाटीने एका वाड्याचा. कोणीतरी येऊन त्यांना हलक्या आवाजात काही सांगितले. बाप, आई व तीन मुले उठली आणि मागे दाराशी जाऊन उभी राहिली. वेदीवरून आम्ही हे सर्व पाहिले व क्रुसाची खूण करून मिस्सा सुरू केली. फेस्ताच्या दिवशी वाद नको, नंतर शांतपणे बोलू, असे आम्ही मनाशी म्हटले. नंतर बोलणे झाले नाही. ते कुटुंब पुन्हा त्या देवळात आले नाही. आज त्या मुलांची नावेसुद्धा आम्हांस आठवत नाहीत.

किंग १९५९ साली भारतात आले असताना त्रिवेंद्रम येथील एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख अमेरिकेतील एक अस्पृश्य बांधव अशी करून दिली. किंग यांना प्रथम धक्का बसला. मग विचार करता ते खरेच आहे असे त्यांना वाटले, आणि पुढे आपल्या प्रवचनातून त्यांनी ते स्वतः सांगितले. त्या शाळेतील मुले पूर्वास्पृश्य घरांतील होती. आपण मात्र त्यांचा बाक आणि आपला बाक यांत काही संबंध नाही असे समजून चालतो.

बिशप ड्युरिक बदलले. पुढे टेनेसीत बिशप असताना ते कृष्णवर्णीयांच्या बाजूने उघड उभे राहिले आणि त्यासाठी स्वधर्मीयांचा रोषही त्यांनी सोसला. हे वाचून आम्हांस धीर येतो. त्या कुटुंबाचा शोध घेण्याचे आम्ही त्या धर्मग्रामातील विद्यमान धर्मगुरूंना पत्राने कळविले आहे.

राहता राहिली क्लॉडेट. तिला १९५५ साली बालन्यायालयाने देखरेखीखाली ठेवण्याची शिक्षा दिली होती. ती संपल्याचे तिला कोणी कधी कळविलेच नाही. २०२१ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, तिने न्यायालयाकडे अर्ज केला आणि न्यायाधीशांनी तिचे नाव त्या नोंदीतून पुसून टाकण्याचा हुकूम दिला. येत्या रविवारी वर्गात आम्ही तिच्यापासून आरंभ करणार आहोत. त्या मुलीने या वेळी पहिल्या बाकावर बसावे, आणि बाप्तिस्म्याची मंडळी आली तर त्यांना थोडे थांबावे लागेल.